कोमट कंडेन्सर : एका बोलेरोचं प्रकरण

पोळा आठ दिवसांवर आला होता आणि दारव्ह्यात तीन दिवसांपासून झड लागून होती. अशा दिवसांत आमच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि चहा जास्त. दुपारी एक ट्रॅक्टर येऊन थांबला. मागे दोराला बांधलेली पांढरी बोलेरो, चाकांना काळ्या मातीचे थर. ट्रॅक्टरवर बाप, बोलेरोच्या स्टेअरिंगवर पोरगा.

काकाजी खाली उतरले ते निदान घेऊनच.

“मिस्त्री, याचा कंडेन्सर गेला. दुसरा टाकून द्या अन् आमाले मोकळं करा.”

“कशावरून म्हणता काकाजी?”

“पंखा फिरत नाई, त कंडेन्सर. मोटर नुसती घुं घुं करते अन् पाणी उचलत नाई, त कंडेन्सर. मंग इथं दुसरं काय असन?”

मला हसू आलं, पण माणूस अनुभवाचं बोलत होता. ज्याच्या घरी पंखा आणि विहिरीवर सिंगल फेजची मोटर आहे, त्याच्यासाठी कंडेन्सर हा पहिला संशयित, आणि बहुतेक वेळा चोरही तोच निघतो. त्यात या बोलेरोत पोराची बासवाली म्युझिक सिस्टिम, आणि तिच्यासाठी मागच्या बाजूला लावलेल्या कंडेन्सरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्यावर, व्होल्टेजचे निळे आकडे चमकतात. बाकीच्या वायरी गालिच्याखाली, आवाज वाढवणारा अ‍ॅम्प सीटखाली, आणि हा एकटा डोळ्यांसमोर. मग आळ त्याच्यावर यायचाच.

पोराला वेगळं विचारलं. तो म्हणाला, “भाऊ, बास वाजला का थे आकडे धपकन खाली येतात. अकरा, साडेदहा. मंग अ‍ॅम्प बंद अन् लाल लाइट. रातच्यानं, पाऊस असला का जास्तच. अन् गाडी तीन दिवस उभी राह्यली का सेल्फच मारत नाई.”

म्हणजे तक्रारी दोन होत्या. एक, गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. दोन, गाडी चालू असताना बासवर अ‍ॅम्प मरतो. घरच्यांनी दोन्हींची गाठ बांधून ती कंडेन्सरच्या गळ्यात घातली होती. त्याआधी जूनमध्ये बॅटरीवरही संशय घेऊन झाला होता, नवी बॅटरी बसवली होती, आणि तीही आता तशीच वागत होती.

एक गोष्ट मी मुद्दाम विचारली. उन्हाळ्यात हा त्रास होता का? पोरगा विचार करून म्हणाला, नव्हता. एप्रिल-मे लग्नसराईचे दिवस, गाडी रोज वऱ्हाड वाहत होती. पाऊस लागला, पांदणीत गुडघाभर चिखल झाला आणि गाडी तीन-तीन दिवस टिनाच्या शेडमध्ये उभी राहू लागली. त्रास तिथून सुरू झाला. हे ऐकल्यावर पहिल्या तक्रारीचं अर्धं काम माझ्या मनात झालं होतं. रोज चालणाऱ्या गाडीत बारीक गळती लपून जाते, कारण अल्टरनेटर रोज भरून काढतो. गाडी थांबली की गळती उघडी पडते.

गाडीत काय बसवलं होतं ते आधी सांगतो. बारा इंची सबवूफर, मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा) अ‍ॅम्प, समोर बदललेला स्टिरिओ आणि एक फॅरड (साठवणीचं माप) छापलेला, २० व्होल्टचा कंडेन्सर. काम दुसऱ्या गावच्या एका दुकानात झालेलं. अ‍ॅम्पच्या खोक्यावर १५०० वॅट. खोक्यावरचा आकडा मी वाचत नाही, अ‍ॅम्पच्या अंगावरचे फ्यूज वाचतो. इथे २५-२५ अँपियरचे दोन होते. ५० अँपियर गुणिले साडेतेरा व्होल्ट म्हणजे पावणेसातशे वॅट आत जाणार, आणि क्लास डी अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बाहेर साडेपाचशेच्या आसपास. तेही कमी नाही. पण पंधराशे नाही.

रात्री बॅटरी कोण पितो

बॅटरी आधी चार्जरवर टाकली. रात्रभर चार्ज करून, तासभर विसावा देऊन सकाळी पाहिली तर १२.६५ व्होल्ट. सेल्फ मारताना १०.४ पर्यंत खाली आली आणि लगेच सावरली. बॅटरीला दोष नाही. इंजिन चालू करून बॅटरीवर १४.१ आले, म्हणजे अल्टरनेटरलाही दोष नाही. हे दोन आकडे घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही. इथे पाच मिनिटं वाचवणारा माणूस पुढे दोन दिवस घालवतो.

आता बंद गाडी किती करंट ओढते ते पाहायचं. त्यासाठी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मधे मीटर घालावा लागतो, दहा अँपियरच्या रेंजवर. इथे एक ठेच मी पूर्वी खाल्लेली आहे. वायर काढली की गाडीतला मोठा कंडेन्सर रिकामा व्हायला लागतो. मग मीटर जोडला की तो रिकामा कंडेन्सर एकदम भरून घेतो, ते सगळं मीटरमधून, आणि मीटरचा फ्यूज उडतो. म्हणून आधी वायर आणि बॅटरी यांच्यात एक जम्पर लावून ठेवायचा, मग मीटर लावायचा आणि शेवटी जम्पर काढायचा. मधे कुठेही सर्किट तुटत नाही.

पंप दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो तो क्लॅम्प मीटर इथे बहुधा कामाचा नाही. साधा क्लॅम्प फक्त एसी वाचतो. गाडीत डीसी असतो, तिथे तो शून्य दाखवतो आणि माणूस खूश होऊन गाडी परत देतो.

दारं बंद, चावी काढलेली, बोनेट उघडं, अर्धा तास थांबलो. मीटर ०.३४ अँपियरवर स्थिर. उभ्या गाडीला ०.०५ च्या आत पुरतं. ०.३४ म्हणजे दिवसाला आठ अँपियर-तास, तीन दिवसांत चोवीस. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली नसली, गावातल्या गावात पाच-पाच किलोमीटर फिरलेली असली, तर चौथ्या दिवशी सेल्फ कुठून उचलणार? अशी दोन-चारदा पार उतरली की नव्या बॅटरीचंही आयुष्य घटतं.

ऑडिओची मुख्य पॉझिटिव्ह केबल बॅटरीवरून काढली. मीटर ०.०२ वर आला. म्हणजे ०.३२ ऑडिओत. आधी वाटलं, अ‍ॅम्पची रिमोट वायर (स्टिरिओ चालू झाला की त्याला जागं करणारी) थेट करंटला बांधली असेल, म्हणजे स्टिरिओ बंद केला तरी अ‍ॅम्प जागाच. हा आळशी जोड आमच्याकडे नेहमी पाहायला मिळतो. पण नाही, रिमोट बरोबर होती. अ‍ॅम्प वेगळा केला तर मीटर जेमतेम ०.०१ ने उतरला. बाकीचे ०.३१ सगळे कंडेन्सरकडेच जात होते.

आणि मी हात लावला तर डबा कोमट होता.

पावसाळी सकाळ, गाडी रात्रभर बंद, शेजारचा अ‍ॅम्प थंडगार, सीटचा पत्रा थंडगार, आणि हा एकटा कोमट. ताज्या अंड्यासारखा. कंडेन्सर भरला की त्याने गप्प बसायचं असतं. जो गप्प बसून गरम राहतो, तो आतून काहीतरी खातोय.

टेबलावर

काढण्याआधी एक सूचना, कारण घरी खोलून पाहणारे पुष्कळ आहेत. फॅनचा कंडेन्सर २.५ मायक्रोफॅरडचा असतो. एक फॅरड म्हणजे तसे चार लाख. व्होल्टेज बाराच आहे म्हणून हाताला झटका बसत नाही, पण भरलेल्या डब्याच्या दोन बोल्टांवर पाना आडवा पडला तर पाना चिकटतो आणि ठिणग्या डोळ्यांपर्यंत येतात. हातात अंगठी असेल तर ती आधी काढावी. आधी रेझिस्टर किंवा बल्ब लावून डबा रिकामा करायचा, मगच बोल्ट खोलायचे.

भरतानाही तेच. मी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब मधे लावतो. बॅटरी जोडली की बल्ब लख्ख पेटतो, मग पिवळा, मग तांबडा, मग तारेत फक्त एक लाल धागा उरतो आणि विझतो. डबा भरला. दुकानातला पोट्टा हे दरवेळी थांबून बघतो, मीही बघतो.

याचाही बल्ब विझला, म्हणून कोणी म्हणेल चांगला आहे. पण २१ वॅटच्या बल्बला दिसेल इतकं पेटायला बराच करंट लागतो, पाव अँपियरने त्याला काही होत नाही. म्हणून बल्ब काढून मधे मीटर घातला. दहा मिनिटांनीही ०.३१. चांगल्या कंडेन्सरमध्ये हा आकडा भरल्यावर घसरत घसरत काही मिलीअँपियरवर येतो.

इथे घाई करून डबा फेकून द्यायचा नसतो, कारण त्याच्या डोक्यावर एक वेगळं सर्किट बसलेलं आहे, आकडे दाखवणारं. तेही त्याच बोल्टांवरून करंट घेतं. पुष्कळ चांगले डबे या प्लेटमुळे बदनाम होतात. भरून बाजूला ठेवले की प्लेट त्यांनाच पिऊन टाकते आणि माणूस म्हणतो, चार्ज धरत नाही. वरचे स्क्रू खोलून प्लेट काढली. आकडा ०.२६ झाला. म्हणजे प्लेटचे ०.०५ आणि डब्याचे स्वतःचे ०.२६. आरोपी पक्का झाला, निदान या तक्रारीपुरता.

मग उघडा डबा १२.६ पर्यंत भरून एकटा सोडला. अर्ध्या मिनिटात तो आठच्या खाली. माझ्या दुकानात एक जुना पण चांगला एक फॅरडचा डबा तुलनेसाठी ठेवलेला आहे, त्याला तसंच केलं. दहा मिनिटांनी तो बाराच्या वरच होता.

क्षमता मोजायला साधा मीटर चालत नाही, त्याची रेंज काही हजार मायक्रोफॅरडच्या आसपास संपते. त्यावर उपाय शाळेतलाच आहे. १० ओहमचा, २० वॅटचा रेझिस्टर घ्यायचा, डबा १२ व्होल्टपर्यंत भरायचा, रेझिस्टरमधून रिकामा करायचा आणि ४.४ व्होल्ट यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. सेकंदांना ओहमने भागलं की फॅरड येतात. एक फॅरडला दहा सेकंद लागायला हवेत. मीटरसमोर मोबाइल धरून व्हिडिओ काढायचा आणि नंतर सावकाश बघायचा, नजरेने हे साधत नाही. माझा जुना डबा साडेनऊ सेकंद टिकला. बोलेरोचा चार सेकंदांत गेला. गळतीही सोबत धावते, तिचा वाटा वजा केला तरी अर्ध्या फॅरडच्या पुढे हिशोब जात नव्हता.

हा जन्मतःच अर्धा होता की नंतर झाला, हे मला सांगता येणार नाही. बाजारात छापील आकड्यापेक्षा बरेच हलके डबे सर्रास मिळतात, हे खरं. आणि विदर्भातला मे महिना हेही खरं. बाहेर पंचेचाळीस असताना काचा लावून उन्हात उभ्या गाडीच्या आत काय होत असेल, ते स्टेअरिंगला हात लावणाऱ्याला माहीत आहे. या जातीच्या कंडेन्सरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की अंदाजे निम्मं होतं. आणि हा बसवला होता मागच्या काचेखाली, सरळ उन्हात. का, तर आकडे दिसावेत म्हणून.

बास का मरतो : माझी फजिती

डबा बाजूला काढला, केबल सरळ अ‍ॅम्पला जोडली. उभ्या गाडीचा करंट ०.०३. पहिली तक्रार संपली. काकाजी दुसऱ्या दिवशी आले, मी सांगितलं, तुमचं बरोबर होतं, कंडेन्सरच गेला होता. ते पोराकडे असे बघायला लागले की पोराने मान खाली घातली.

मग गाडी चालू करून हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर लावला आणि पोराने आपल्या आवडीचं गाणं लावलं. तिसऱ्या ठोक्याला अ‍ॅम्प बंद. लाल लाइट.

पोराला मान वर करायला संधी मिळाली. “पाह्यलं का भाऊ? म्हणूनच मी म्हणतो, नवा टाका. दोन फॅरडचा.”

मोठा कंडेन्सर टाकून हे सुटलं असतं का? हिशोब पोरासमोरच एका पुठ्ठ्यावर केला. पूर्ण, खरा एक फॅरड १३.८ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत २३ ज्यूल देतो. अ‍ॅम्प जोरात असताना ६०० वॅट खातो, म्हणजे सेकंदाला ६०० ज्यूल. २३ भागिले ६००. सेकंदाचा पंचविसावा हिस्सा. दोन फॅरडचा टाकला तर त्याच्या दुप्पट. ढोलाची एक थाप निघून जाईल, पण ज्या गाण्यात बास दोन-दोन सेकंद ताणलेला असतो तिथे डबा सुरुवातीलाच रिकामा होतो आणि उरलेला वेळ अ‍ॅम्पसोबत तोही भुकेला.

काकाजींना मी त्यांच्या भाषेत सांगितलं. “मोटर पाच एचपीची, पाइप अर्ध्या इंचाचा, अन् नळाखाली गडवा ठेवला. गडवा मोठा घेतला तर वावर भिजन का?”

“नाई भिजत,” ते म्हणाले. “पण मंग पंख्यात काऊन चालते?”

प्रश्न चांगला होता. पंख्यात किंवा सिंगल फेज मोटरमध्ये कंडेन्सर साठवणीसाठी नसतोच. तो दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट थोडा पुढे सरकवतो, त्या फरकामुळे चक्र फिरायला लागतं. तो गेला की मोटर घुंघुं करत जागेवर बसते. तिथे तो कामाचा गडी आहे. गाडीत डीसी असतो, तिथे सरकवायला काही नाही. इथे तो नुसता गडवा. नाव एक, काम वेगळं.

मग पाइप कुठे अरुंद आहे ते शोधायला लागलो, आणि इथे मी एक अख्खी दुपार वाया घालवली. अ‍ॅम्पची अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट, मागच्या पत्र्यावर एका स्क्रूने बसवलेली होती. मी मीटर कंटिन्युइटीवर (वाट जोडलेली असली की बीप करतो ती रेंज) लावला, एक टोक अर्थच्या लगवर (तारेच्या टोकाच्या कड्यावर), दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. बीप. ओहमवर पाहिलं, ०.३. मीटरच्या स्वतःच्या वायरीच तेवढ्या दाखवतात. अर्थ चांगली, असं ठरवून मी पुढे गेलो. अ‍ॅम्पचा गेन तपासला, सबवूफरची कॉइल मोजली, स्टिरिओच्या आरसीए वायरी बदलून पाहिल्या, दुसरा अ‍ॅम्प लावून पाहिला. तोही बंद पडला. तेव्हा डोक्यात उजेड पडला आणि स्वतःचाच राग आला, कारण हे मी दुसऱ्यांना शिकवतो.

मीटर ओहम मोजताना काही मिलीअँपियर सोडतो. अ‍ॅम्प ४५ अँपियर ओढतो. ज्या वाटेने एक माणूस सहज जातो, तिथून यात्रा जाईलच असं नाही. ०.०२ ओहमचा अडथळा साध्या मीटरला दिसतच नाही, पण ४५ अँपियरला तोच जवळपास एक व्होल्ट खातो. तो पाहायचा असेल तर भार चालू असताना व्होल्टेज मोजायचं, तेही दोन टोकांमध्ये. बॅटरीच्या निगेटिव्हपासून अ‍ॅम्पच्या निगेटिव्हपर्यंत. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्हपर्यंत.

गाण्यावर आकडे नाचतात, म्हणून मोबाइलवरून ५० हर्ट्झचा एकसुरी टोन लावला. डीपीजवळ उभं राहिल्यासारखा आवाज. (खरं तर डीपीचा घुमारा दुप्पट, १०० हर्ट्झचा असतो, पण छातीत बसतो तो तसाच.) दहा-दहा सेकंदच वाजवायचा, नाहीतर सबवूफरची कॉइल जळते.

लाइट-वायपर बंद ठेवून, नुसत्या टोनवर: बॅटरीवर १३.५. अ‍ॅम्पवर ११.३. मधे २.२ व्होल्ट गायब. पॉझिटिव्ह बाजूला १.२, अर्थच्या बाजूला १.०. बेरीज जुळली. आता लाइट, वायपर, ब्लोअर लावा, इंजिन आयडलवर ठेवा, बॅटरीच १२.८ वर येते, त्यातून २.२ गेले की अ‍ॅम्पला साडेदहा उरतात, आणि साडेदहाच्या आसपास हा अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला बंद होतो. रात्री आणि पावसात त्रास जास्त का, याचं उत्तर पोराने पहिल्याच दिवशी दिलं होतं. आम्हालाच ते ऐकू आलं नव्हतं.

शिवाय कंडेन्सरच्या पडद्यावर जे आकडे खाली यायचे, ते खरेच होते. तो बिचारा आपल्या जागेवर काय पोचतंय तेच दाखवत होता. फक्त लोक त्याला ताप समजायचे, थर्मामीटर नाही.

अर्थचा स्क्रू काढला. पत्र्यात घुसणारा साधा स्क्रू, खाली रंग तसाच, लगच्या खालच्या बाजूला गंजाची भगवी कडा आणि मातीची बारीक पूड. गाडी धुतल्यावर पाणी नेमकं तिथे साचायचं. संपर्क होता तो फक्त स्क्रूच्या आट्यांचा. त्या टाचणीएवढ्या जागेतून बीप जातो, बास जात नाही.

पॉझिटिव्ह केबलचं टोक ब्लेडने खरवडलं. वरून तांबूस, आतून पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशा तारेत फसवणूकच असते असं नाही, जाड घेतली तर ती चालते. पण ही आठ गेजची होती, पाच मीटर लांब, आणि ज्याने लावली त्याने तांब्याचा हिशोब धरला असणार. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ती दीडपट अडवते. आणि बॅटरीजवळ फ्यूज नव्हताच. होता तो मागे, अ‍ॅम्पच्या अलीकडे. मधली पाच मीटर केबल बोनेटपासून पत्र्याला घासत गेलेली. कुठे सोललं असतं तर गाडी पेटली असती, तिथे मागचा फ्यूज काही करू शकत नाही. माझ्या लेखी या गाडीतला सगळ्यात मोठा दोष हा होता, आणि त्याची तक्रार कोणीच केली नव्हती.

काय केलं

वेल्डिंगवाल्याकडून तांब्याची २५ स्क्वेअर एमएमची केबल सहा मीटर आणली. वेल्डिंग केबल मऊ असते, वळते, आणि आमच्या तालुक्याच्या गावात लगेच मिळते. मात्र घेताना टोक खरवडून बघावं, त्यातही ॲल्युमिनियमची येते. तिला गरम इंजिनापासून आणि डिझेलपासून जपायला वरून फ्लेक्सिबल पाइप घातला, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ६० अँपियरचा फ्यूज. लग क्रिम्प करून वर सोल्डर.

अर्थसाठी जागा बदलली. जाड पत्रा बघून रुपयाच्या नाण्याएवढा रंग लखलखीत होईपर्यंत घासला, आठ एमएमचा आरपार बोल्ट, दातेरी वॉशर, आवळल्यावर वरून व्हॅसलीन. वॉशरने पत्र्यात दात रोवले पाहिजेत, तोच खरा संपर्क. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला येणारी कंपनीची पट्टीही साफ करून आवळली, कारण मागची अर्थ कितीही चांगली असली तरी करंट शेवटी परत जातो तो त्याच पट्टीतून.

पुन्हा तोच टोन. बॅटरीवर १३.५, अ‍ॅम्पवर १३.२. लाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावलं, इंजिन आयडलवर, १२.४. पोराने आपलं गाणं लावलं. दुकानाच्या शटरने साथ धरली, समोरच्या टपरीवाल्याने हातवारे केले. अ‍ॅम्प मेला नाही.

आता कंडेन्सर? माझा दुकानातला चांगला डबा तात्पुरता जोडून पाहिला. टोनवर फरक शून्य, तो अपेक्षितच. गाण्यावर मीटरच्या मिनिमम नोंदीत ०.१ व्होल्टचा फरक आला, कानाला तोही नाही. मी पोराला सांगितलं, तुझ्या गाडीला कंडेन्सरची गरज नाही. नवा विकला असता तर मला दोन पैसे सुटले असते, पण पुढच्या पावसाळ्यात ट्रॅक्टर पुन्हा माझ्याच दारात आला असता.

पोरगा हिरमुसला. अ‍ॅम्प चालतो, बास पहिल्यापेक्षा घट्ट येतो, बॅटरी उतरत नाही, तरी हिरमुसला. “आकडे गेले ना भाऊ,” तो म्हणाला. “मित्र मागं बसले का आकडेच पायतात.”

मग एक छोटा डिजिटल व्होल्टमीटर लावून दिला, निळ्याच आकड्यांचा, अ‍ॅम्पच्या टोकांवरचं व्होल्टेज दाखवणारा. रिले लावून त्याला स्टिरिओच्या रिमोटवर घेतला, म्हणजे स्टिरिओ बंद तर तोही बंद. आता आकडे तेराच्या खाली फारसे येत नाहीत, म्हणून मित्रांना म्हणे मजा येत नाही.

पोळा झाला. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोराचा फोन आला. चार दिवस गाडी शेडमध्येच उभी होती, पहिल्याच चावीत उचलली. मी बॅटरीवरचा आकडा विचारला, त्याने मीटर लावून पाहिला होता. १२.५. जुना डबा मी ठेवून घेतलाय, दुकानात नवा पोट्टा आला की त्याला हात लावायला देतो आणि विचारतो, काय वाटते?

दसऱ्याच्या आधी काकाजी पुन्हा आले, या वेळी एसटीने. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पंपाचा कंडेन्सर काढून टेबलावर ठेवला. अंगावर ३६ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट.

“मोटर घुं घुं करून राह्यली. आता यालेही अर्थिंग म्हणसान, त मी चाललो.”

एवढी रेंज माझ्या मीटरला आहे. लावला. ९.२ दाखवले.

“काकाजी, हा गेला.”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. दुकानात पोट्ट्याशिवाय कोणी नव्हतं, तरी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मी म्हणत नव्हतो का!”